सावकाश जाग

४ फेब्रुवारी, दुपार

डुलक्या,

फोन करू नकोस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचायच्या आत तू रिसीव्हर उचलणार नाहीस. फोनची वायर मी भिंतीतून काढून ठेवली आहे. केलास तरी तुझ्या कानात वाजत राहील आणि इथे काहीच वाजणार नाही.

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी आलं ते चार ओळींचं, आणि त्यातल्या दोन रागाच्या. फोन केला, बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही, काय ते समजलो, असं लिहिलंस. काहीएक समजला नाहीस. त्या सकाळी आम्ही घरी नव्हतो, एवढंच. उगीच डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

बाबांचं हृदय थकलंय. हे असं तोडून लिहिते, कारण गोड करून लिहायला मला कधी जमलं नाही. आठ दिवस दवाखान्यात होते, आता घरी आहेत, खातात, पितात, वर्तमानपत्रातल्या चुका काढतात. दिवसभर त्यांना बघशील तर म्हणशील, ताईला उगाच नाटक करायची सवय. काळजी आहे ती सकाळची.

बाबा कसे उठतात ते तुला काय सांगायचं. आपण उठतो, ते सुटतात. सगळं आयुष्य आगीच्या बंबखान्यात गेलं. घंटा झाली की डोळे उघडायच्या आधी पाय बुटात. निवृत्त झाले तरी शेजाऱ्यांची बेल वाजली की हे पलंगाशेजारी ताठ उभे. मग डोळे उघडणार आणि विचारणार, वर्दी कुठली आहे, आग कुठे लागलीय. आई होती तेव्हा ती म्हणायची, वर्दी शेजारच्या काकूंकडची आहे, साखर मागायला आल्यात.

आता हे हसण्यावारी नेता येत नाही. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान आहेत, पण समजावून सांगायचा कंटाळा करत नाहीत. झोपेत हृदय आपलं रमतगमत चालत असतं म्हणे, रक्ताचा दाब उतरलेला, रक्तवाहिन्या सैल. जाग यायच्या आधीच शरीर कुठेतरी आतून तयारी सुरू करतं, दाब हळूहळू चढवतं, वाहिन्या आवळून घेतं, म्हणजे आपण उभे राहिलो की रक्त पायात न साचता डोक्यापर्यंत पोचावं. जो झटक्यात उठतो त्याच्या हृदयाला निरोपच मिळालेला नसतो. मालक उभा आणि ते अजून झोपेच्या चालीत. मग डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हृदय घाबरून धावत सुटतं. तरुणपणी हे खपून जातं. बाबांच्या हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्यात, ऑपरेशन करावं लागणार आहे, पण ते सोसायची ताकद यायला तीन-चार महिने तरी लागतील. तोवर यांना हळू उठायला शिकवा, असं बाई म्हणाल्या. नाहीतर, म्हणून त्या थांबल्या. बाबांनीच वाक्य पुरं केलं, नाहीतर एका सकाळी उठायचं कामच राहणार नाही. आणि वर हसले.

मला हसू आलं नाही. मी फार घाबरले आहे, डुलक्या.

पत्र लिही. रागाचं असलं तरी चालेल.

ताई


२३ फेब्रुवारी, दुकानातून

डुलक्या,

गिऱ्हाईक नाही म्हणून काउंटरवरच लिहिते आहे. समोर सगळ्या भिंतीवर चष्मे आहेत आणि एकाही चष्म्यामागे डोळे नाहीत. दुपारी या वेळेला उन्हाची तिरीप आत येते, ती सगळ्या काचांमधून फिरते आणि छतावर लहान लहान उजेड हलत राहतात. मला वाटतं मी बसल्या बसल्या झोपते. मालक म्हणतात, काच घासणाऱ्या बाईनं पेंगू नये. तुझीच बहीण मी, काय करणार.

बाबांच्या दंडाला एक दिवस आणि एक रात्र पट्टा बांधून ठेवला होता. तो थोड्या थोड्या वेळानं आपोआप फुगतो आणि दाब टिपतो. डॉक्टरीणबाईंनी त्याची रेघ आम्हाला दाखवली. माणूस झोपला की ही रेघ खाली उतरते, पहाटेपर्यंत तळाशी पडून राहते आणि मग वर चढू लागते. बाबांची रेघ उतरलेलीच नव्हती. दिवसा होती तिथेच रात्रीही होती, सरळ. बाई म्हणाल्या, यांचं हृदय झोपतच नाही, ड्यूटीवर असल्यासारखं जागं राहतं. बाबांनी ती रेघ बघितली आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू बक्षीसच मिळालं. मी त्यांना म्हटलं, अहो बाबा, ही चांगली बातमी नाही.

उठण्याची पद्धत बाईंनी अशी सांगितली आहे. जाग आली तरी पडून राहायचं. पायांची बोटं हलवायची, घोटे फिरवायचे. कुशीवर वळायचं. हाताचा रेटा देऊन बसायचं, पाय खाली सोडायचे, घोटभर पाणी प्यायचं. मगच उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला मुद्दाम हाक मारून ते करून दाखवलं. हातात त्यांचं जुनं स्टॉपवॉच. बोटं, घोटे, कूस, बसणं, पाणी, उभं, सगळं एका दमात, पाणी अर्धं सदऱ्यावर. आणि मला घड्याळ दाखवून विचारतात, कालच्यापेक्षा कमी वेळ लागला ना? मी कपाळाला हात लावला. बाईंना सांगितलं तेव्हा त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. म्हणाल्या, तुमचे वडील फार वेगानं हळू उठतात.

स्टॉपवॉच मी लपवून ठेवलं आहे.

परवा शिडीकाका येऊन गेले. बाबांबरोबर शिडीवर असायचे ते, तू ओळखशीलच, अजून तसेच उंच, दारातून वाकून येतात. त्यांनी सांगितलं की नव्या बंबखान्यात आता घंटा दणकन वाजत नाही. आधी मंद दिवा लागतो, मग बारीक आवाज, तो वाढत जातो. घंटेच्या दणक्यानं जवानांच्या हृदयावर ताण येतो असं लक्षात आलंय म्हणे. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग अंगाईही म्हणतात का? काका गेल्यावर मात्र बराच वेळ खिडकीशी बसले होते. मी कॉफी घेऊन गेले तर म्हणाले, आमच्यातले किती जण पहाटे गेले, नाही का.

आता कामाचं. माझ्या सगळ्या युक्त्या संपल्या आहेत. पडून राहायचं म्हणजे काय करायचं, तेच बाबांना कळत नाही. जाग आणि उभं राहणं यांच्यामध्ये त्यांच्याकडे काही नाहीच. मी तरी त्यांना काय शिकवणार, मला दुकान गाठायचं असतं. आपल्या घरात झोपेतून बाहेर यायला अर्धी सकाळ घेणारा माणूस एकच होता. तू कसा उठतोस रे? थट्टा करत नाही. लिहून पाठव.

ताई


१७ मार्च, रविवार सकाळ

डुलक्या,

केवढं मोठं पत्र! मी ते पोस्टमनसमोर उभ्यानंच वाचायला लागले आणि मग पायरीवर बसले.

आधी काहीच जाणवत नाही, मग पांघरुणाचं वजन येतं. हे तुझं वाक्य मी दुकानात दिवसभर घोळवलं. मग पांघरुणाच्या आतली ऊब आणि बाहेरची हवा यांच्यामधली सीमा येते, तुझ्या गालावर. मग आवाज, पण तो कशाचा ते कळत नाही, कळायची घाईही नसते. तळघरात कुणी तरी पाणी सोडतं आणि ते भिंतीतून तुझ्या उशीजवळून वर जातं. मग तुझा एक हात तुला सापडतो. दुसरा कुठे आहे ते शोधायला लागतं. मग कानात तुझीच नाडी, आधी लांब, मग जवळ, कुणी चपला न घालता जिना चढत यावं तशी. नाव सगळ्यात शेवटी येतं, आणि ते यायच्या आधीचा तो जरासा वेळ, जेव्हा तू कुणाचाच कुणी नसतोस, तो तुला सगळ्यात आवडतो.

मी तुला आयुष्यभर आळशी म्हटलं. तू हे सगळं करत होतास हे कुणाला माहीत होतं?

बाबांना वाचून दाखवायचं ठरवलं नव्हतं. काल सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते नुकते जागे होत होते. आता सुटणार, एवढ्यात मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, थांबा, एक पत्र आलंय. कुणाचं, त्यांनी विचारलं. आधी ऐका, म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी हळू आवाजात वाचत गेले. पांघरुणाचं वजन आलं तेव्हा त्यांची बोटं पांघरुणावर जराशी हलली. हात सापडायचं आलं तेव्हा त्यांनीही हात शोधला, मी डोळ्यांनी पाहिलं. पत्र संपलं तेव्हा खोलीत भरपूर उजेड होता आणि बाबा अजून पडून होते. मग आपले आपण कुशीवर वळले, बसले, पाणी प्याले. उभे राहिले तेव्हा भिंतीला हातही लावला नाही. दाराशी जाऊन म्हणाले, कुणीतरी महाआळशी माणसानं लिहिलंय. मग म्हणाले, उद्या परत वाच.

तू शेवटी विचारलं आहेस, की बाबांना कोणत्या तारखेला दवाखान्यात नेलं. तू तारखा जुळवणार हे मला माहीत होतं. तू सावकाश आहेस, बावळट नाहीस. तर ऐक. आम्ही घरीच होतो. तुझ्याकडे संध्याकाळ होती, इथे पहाट. फोन वाजला आणि बाबा उठून बाहेरच्या खोलीपर्यंत धावले, फोनपासून दोन हातांवर पडले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि फोन वाजतच होता. मला तो उचलता आला नाही. हे तुला कळू नये असं मला वाटत होतं, कारण तू मनाला लावून घेशील आणि पुन्हा कधी फोन करणार नाहीस, पत्रही लिहिणार नाहीस. बाबांनाही मी सांगितलं की राँग नंबर होता.

तुझी चूक नाही. मुलानं बापाला फोन करावा, त्यात चूक कसली. तुला राग आला तर माझ्यावर काढ, पण पत्र थांबवू नकोस. आता ते माझ्यासाठी मागत नाही.

ताई


१४ एप्रिल, सकाळीच

डुलक्या,

तुझं मधलं पत्र आखूड होतं. तुला वेळ नसेल, कबूल. पण ते संपलं तेव्हा बाबांचे घोटे नुसते फिरून झाले होते. मी कागद उलटून पाहिला, मागेही काही नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि कपाटाला धरून गपकन खाली बसले. चेहरा पांढराफटक, हाताला घाम. थोड्या वेळानं ठीक झाले, मला रागावलेसुद्धा, पण मी त्या दिवशी दुकानात दोन काचा फोडल्या. मोठं लिही रे. काहीही लिही. तुझ्या खोलीतल्या पडद्याबद्दल लिही, तो वाऱ्यानं आत येतो आणि परत जातो ते तू मागे लिहिलं होतंस, ते बाबांना फार मानवलं. तेवढ्या ओळींना त्यांचा श्वास पडद्याबरोबर चालतो.

जुनी पत्रं फिरवून फिरवून वाचते, पण ती त्यांना पाठ झाली आहेत. पुढचं वाक्य मी वाचायच्या आत पुटपुटतात आणि पाठ झालेल्या गोष्टीत त्यांना लगेच घाई येते. शिवाय चुका काढतात. म्हणाले, हा दुसरा हात शोधतो तो डावाच असणार, लहानपणी डाव्या हातावर झोपायचा, बधिर करून घ्यायचा. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात पट्टा परत बांधला होता. रेघ थोडी उतरली आहे. फार नाही, पण दाखवताना बाईंनी बोट खाली नेलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि बाबांना स्वप्न पडलं! त्यांनी मला सांगितलं, जरा लाजतच, कारण त्यांना आठवतं तसं त्यांना कधी स्वप्न पडलेलंच नाही. बंबखाना पाण्यानं भरलेला होता, छातीइतका, कोमट. बूट पाण्यावर तरंगत होते, जोड्या सुटलेल्या. घंटा होती, पण तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. सगळ्या पलंगांवर जवान गाढ झोपलेले आणि पलंग हळूहळू दाराबाहेर रस्त्यावर चालले होते, एकामागे एक. बाबा म्हणाले, मला कुणाला उठवावंसं वाटलं नाही.

एवढं सांगून थांबले. तुला आठवलं असेल तेच मला आठवलं. तू बंबखान्यात भरती झालास ते वर्ष, तो कागदाच्या गोदामाचा दिवस, घंटा झाली आणि बंब निघून गेला तरी तू पलंगावर. आग विझली, कुणाला काही झालं नाही. पण परत आल्यावर बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, याला उठवू नका, याच्यावाचून काही अडत नाही. तू जागा होतास आणि ऐकत होतास, हे तू मला जाताना स्टेशनवर सांगितलंस. मी ते बाबांना कधी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं.

ते पेल्यातलं पाणी बघत बसले. मग म्हणाले, तो जागा होता?

मी हो म्हटलं. ते पाणी प्यालेच नाहीत.

ताई


२० मे, दुपार

डुलक्या,

ऑपरेशन ठरलं. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला. ताकद आली आहे असं बाई म्हणतात, आणि ती कुठून आली तेही त्यांना ठाऊक आहे, कारण एकदा त्यांनी तुझं पत्र माझ्याकडून मागून घेऊन वाचलं. परत देताना म्हणाल्या, मी आज उशिरा उठले.

सकाळी बाबा आणि मी बाईंच्या खोलीत बसलो होतो. त्या सगळं समजावून सांगत होत्या. गुंगी देतील, बरेच तास ती राहील, घशात नळी असेल, छातीला टाके, हाताला सुया. शुद्धीवर येतानाचा वेळ जपायचा. काही माणसं दचकून उठतात, नळ्या ओढतात, दाब एकदम चढतो. मग त्यांनी बाबांकडे बघितलं. आम्हा तिघांच्याही मनात एकच आलं असणार. दंडाला पट्टा बांधलेला माणूस आणि शेजारी कुठलंतरी यंत्र टुणटुण वाजतंय.

बाई म्हणाल्या, जाग येते आहे असं दिसलं की घरातल्या एका माणसाला शेजारी बसू देऊ. ओळखीचा आवाज कानावर पडला की बरं असतं. कोण बसेल? मी बसेन, मी म्हटलं. दुसरं आहेच कोण.

बाबा म्हणाले, "नको. ही घाई करते."

मला जरा लागलंच ते. एवढे महिने कोण वाचत होतं! पण खरं आहे ते, शेवटची पानं मी दुकानाच्या वेळेकडे बघत वाचते. मग त्यांनी सदऱ्याची गुंडी लावली, काढली, परत लावली. कुठल्यातरी तपासणीला उभे असल्यासारखे ताठ बसले.

"त्याला बोलाव. त्याला जागं होता येतं."

मी म्हटलं, बाबा, तो किती लांब आहे, आणि बोलावल्यावर येईल कशावरून. ते म्हणाले, येईल. मी विचारलं, असं कसं म्हणता. तर म्हणाले, त्या पहाटे फोन किती वेळ वाजत होता ते तुला आठवतं का? मी जमिनीवर पडलो होतो, पण मला ऐकू येत होतं. राँग नंबरवाला इतका वेळ धीर धरत नाही. फोन एवढा वाजू देणारा एकच माणूस आहे आणि त्याला मी ओळखतो.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, डुलक्या. पत्रं कुणाची तेही. मी आपली नाव न घेता वाचत होते, आणि ते आपले नाव न घेता ऐकत होते. घरी येताना मी त्यांच्यावर चिडले, रस्त्यातच, आणि मग रडले. त्यांनी मला रुमाल दिला आणि पुढे चालत राहिले, हळू.

घरी आल्यावर मी कागद घेतला. त्यांना विचारलं, काय लिहू, हजर राहण्याचा हुकूम आहे असं लिहू का? तेवढीच थट्टा. ते पलंगाच्या कडेवर बसले होते, पाय खाली सोडून.

"हुकूम नको लिहू. विनंती लिही. आणि लिही, की तो नाही आला तर मी समजून घेईन."

विनंती हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, कसा वाटतो ते.

तर ही त्यांची विनंती आहे. हे पत्र तुला महिना संपायच्या आत मिळेल, आणि तिकीट काढायला तुझ्याकडे, तू म्हणतोस तसा दुसरा हात शोधायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तरी वेळ नक्की आहे. फोनची वायर आज मी परत भिंतीत लावते आहे. कधी पोचतोस ते कळव. पहाटे केलास तरी हरकत नाही. बाबा म्हणाले, वाजू दे त्याला, मी पडून ऐकेन आणि मग सावकाश येईन.

ताई